फोटोतला 'सेनेगाली' शिपाई ओळखायचा कसा?

दुसऱ्या महायुद्धाचे जुने फोटो चाळताना एक चित्र हमखास समोर येतं. डोंगराळ मुलूख, चिखल, एखादं खेचर आणि बंदूक खांद्याला लावून उभे असलेले आफ्रिकी सैनिक. खाली ओळ असते, 'सेनेगाली सैनिक, १९४४'. बहुतेक वेळा ही ओळ अर्धीच खरी असते, पुष्कळदा तीही नसते. माणूस मोरोक्कोचा असतो, नाहीतर चाडचा किंवा अल्जीरियाचा. फोटो कधी १९४० चा निघतो, तर कधी १९४५ चा. अशा फोटोतून खात्रीची माहिती पायरीपायरीने कशी काढायची, ते या लेखात सांगतो आहे. यासाठी सैन्यातला अनुभव लागत नाही. भिंग, धीर आणि टोपीपासून बुटांपर्यंत नीट बघायची सवय एवढं असलं की काम सुरू करता येतं.

मराठी वाचकाचा याच्याशी काय संबंध? मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी याच इटलीत लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात गाजवलेल्या शौर्यासाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या सेनिओ नदीवरच्या लढाईसाठी तो मिळाला. ११ मे १९४४ च्या रात्री मोठा हल्ला सुरू झाला, तेव्हा ८ व्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. त्यांच्या डाव्या हाताच्या डोंगरांत जनरल ज्युआँ यांची फ्रेंच कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनची मिळून बनलेली फौज, चढाई करत होती, आणि तिच्यातले बहुसंख्य शिपाई उत्तर आफ्रिकेतले होते. म्हणून आपल्याकडच्या एखाद्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत, इटलीहून परतलेल्या आजोबांच्या कागदांत, असा फोटो असणं अगदी शक्य आहे. तो फेकून देऊ नका.

आधी फोटो जपा, मग वाचा

फोटो अल्बमला चिकटला असेल तर ओढून काढू नका. आहे तसाच पानासकट स्कॅन करा, निदान ६०० डीपीआयवर. सुटा असेल तर मागची बाजूही स्कॅन करायला विसरू नका. फोटोच्या पाठीला समोरच्या बाजूइतकीच किंमत आहे. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, सेन्सॉरची खूण असते, पेन्सिलीने लिहिलेलं गावाचं नाव असतं. हे सगळं एका वहीत जसंच्या तसं उतरवा, शुद्धलेखनाच्या चुकांसकट. अर्थ नंतर लावता येतो. चूक सुधारून उतरवलंत तर मूळ पुरावाच गेला.

मग एक तपासणी करा, जी जवळजवळ सगळे विसरतात. बंदुकीचा बोल्ट, म्हणजे गोळी भरायला मागेपुढे ओढायचा लोखंडी भाग, कुठल्या बाजूला आहे? त्या काळच्या साध्या सैनिकी रायफलींचा बोल्टचा दांडा उजव्या हाताला असतो. फोटोत तो डाव्या बाजूला दिसला, तर निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. कोटाची बटणंही तेच सांगतील. अशा वेळी आरसा धरून किंवा संगणकावर चित्र फिरवून मगच पुढे जा, कारण बिल्ला कुठल्या खांद्यावर आहे हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

माणसं कोणत्या फौजेतली होती?

फ्रान्सच्या फौजेत आफ्रिकेतल्या माणसांचे मुख्यतः दोन वेगळे गट होते, आणि त्यांची सरमिसळ हीच सगळ्यात मोठी चूक असते. पहिला गट तिरायर सेनेगाले. तिरायर म्हणजे बंदूकधारी पायदळ शिपाई. ही पलटण १८५७ मध्ये सेनेगालात उभी राहिली आणि नाव तेच चिकटलं. भरती मात्र पुढे साऱ्या फ्रेंच पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून झाली: आजचे माली, बुर्किना फासो, गिनी, आयव्हरी कोस्ट, बेनिन, नायजर, चाड. त्यामुळे 'सेनेगाली' हे फौजेचं नाव आहे, माणसाच्या गावाचं नाही. दुसरा गट उत्तर आफ्रिकेतला, म्हणजे अल्जीरिया, ट्युनिशिया आणि मोरोक्कोचे तिरायर. त्यांच्या जोडीला मोरोक्कोच्या ॲटलस डोंगरातले गुमिए. गुमिएंच्या दोनेकशे माणसांच्या तुकडीला गूम म्हणत, तीन-चार गूम मिळून एक ताबोर होई आणि तीन ताबोर मिळून एक गट.

ब्रिटिश झेंड्याखालचे आफ्रिकी लढाऊ सैनिक मुख्यतः आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढले, युरोपात नाही. पण इटलीत स्वाझी, बासुतो आणि बेचुआना माणसांच्या पायोनिअर, म्हणजे बांधकाम-मजुरीच्या, कंपन्या होत्या. त्यांतली स्वाझींची एक कंपनी आंझियोच्या किनाऱ्यावर धुराचा पडदा उभारायचं काम करत होती. दक्षिण आफ्रिकेच्या फौजेतल्या काळ्या माणसांना तर सरकारी धोरणानेच बंदूक नाकारली होती. ती माणसं गाड्या चालवत, स्ट्रेचर उचलत. म्हणून हातात बंदूक नसणं हाही पुरावा असतो.

डोक्यापासून सुरुवात करा

टोपी दुरूनही दिसते, म्हणून आधी तिच्याकडे बघा. लाल गोल टोपी म्हणजे शेशिया. लढाईत तिच्यावर खाकी खोळ चढे, काळ्या-पांढऱ्या फोटोत ती राखाडी दिसते. मधोमध कणा असलेलं फ्रेंच लोखंडी हेल्मेट म्हणजे आद्रियां. त्याच्या कपाळावरचा बिल्ला भिंगाखाली बघा. नांगर असेल तर वसाहतींची फौज, म्हणजे सेनेगाले तिरायर आले. चंद्रकोर असेल तर उत्तर आफ्रिका.

पालथ्या थाळीसारखं रुंद काठाचं हेल्मेट असेल तर ते ब्रिटिश किंवा जुनं अमेरिकन. दोन्ही इतकी सारखी दिसतात की केवळ त्यावरून निकाल देऊ नका. गुमिए अशीच हेल्मेटं घालत, नाहीतर डोक्याला फडकं गुंडाळत. १९४० मध्ये फ्रान्स हरल्यावरही जनरल दगॉलच्या मागे जर्मनांशी लढत राहिले ते मुक्त फ्रेंच. त्यांची पहिली डिव्हिजन ब्रिटिशांच्या हाताखाली वाढली. तिने अमेरिकन शस्त्रं घेतल्यावरही ब्रिटिश हेल्मेट आणि कपडे बऱ्याच प्रमाणात ठेवले. डोकं ब्रिटिश आणि हात अमेरिकन असा जोड दिसला की ही डिव्हिजन आधी आठवा.

आता बंदूक

इथे थांबून वेळ द्या, कारण तारखेचा सर्वांत भरवशाचा धागा इथेच आहे. त्या धाग्याचा नियम एका वाक्यात सांगतो: फोटोतली सर्वांत नवी वस्तू तारीख सांगते, जुनी वस्तू काहीच सांगत नाही. १८८६ ची लबेल रायफल १९४४ मध्येही कुणाच्या हातात असू शकते. अमेरिकन कार्बाइन (आखूड, हलकी रायफल) मात्र १९४० च्या फ्रेंच शिपायाच्या हातात असणं शक्य नाही.

१९४० सालापासून सुरुवात करू. तेव्हा शस्त्रं फ्रेंचच होती, पण त्यांतही मिश्रण होतं. नवी मास ३६ रायफल साऱ्या फौजेला पुरत नव्हती. वसाहतींच्या पलटणींकडे जुन्या बेर्तिए आणि लबेल रायफली पुष्कळ राहिल्या. बेर्तिएची १९०७ ची लांब रायफल मुळात सेनेगाले तिरायरांसाठीच बनवली होती. ओळखायच्या खुणा अशा. लबेल लांब, आणि चापाच्या पुढे पोटाला फुगवटा नाही, कारण तिच्या गोळ्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत असतात. बेर्तिएच्या तीन गोळ्यांच्या प्रकाराचंही पोट सपाट. पाच गोळ्यांच्या प्रकाराला चापापुढे छोटी पेटी खाली उतरलेली दिसते. मास ३६ आखूड, तिचा लाकडी दस्ता दोन तुकड्यांत, मध्ये उघडं लोखंड, आणि बोल्टचा दांडा पुढच्या बाजूला झुकलेला. कमरेला रुंद पात्याचा कोयता दिसला तर तो कूप-कूप, सेनेगाले तिरायरांची ओळख. जर्मन प्रचाराने याच कोयत्यावरून त्यांना रानटी ठरवलं, आणि शरण आलेल्या अनेकांना गोळ्या घातल्या गेल्या. लियोंजवळ शासले इथे जून १९४० मध्ये असं हत्याकांड झालं. तिथल्या 'ताता' नावाच्या लाल मातीच्या रंगाच्या कबरस्तानात १९६ कबरी आहेत. १७ जून १९४० ला शार्त्र गावी प्रशासक जाँ मुलँ यांच्यावर जर्मनांनी जबरदस्ती केली, की सेनेगाली सैनिकांनी अत्याचार केले अशा खोट्या कागदावर सही करा. त्यांनी नकार दिला आणि सही करावी लागू नये म्हणून स्वतःचा गळा कापून घेतला. ते वाचले, आणि पुढे प्रतिकार चळवळीचे मोठे नेते झाले.

१९४० च्या उन्हाळ्यातले बरेच फोटो जर्मन सैनिकांनी काढलेले आहेत, कैद्यांना रांगेत उभं करून. कैद्यांच्या हातात बंदूक नसते, तेव्हा हेल्मेट, टोपी आणि बिल्ला यांवरच काम भागवावं लागतं. कवी आणि पुढे सेनेगालचे राष्ट्राध्यक्ष झालेले लेओपोल्द सेंघोर असेच २० जून १९४० ला पकडले गेले. असे फोटो लोकांसमोर ठेवताना ते कोणी काढले, हे ओळीत लिहाच.

मग जानेवारी १९४३. कासाब्लांकाच्या आन्फा भागात रूझवेल्ट आणि चर्चिल भेटले, तेव्हा फ्रेंच सेनापती जिरो यांनी अकरा डिव्हिजनना पुरतील एवढी शस्त्रं मागितली. शेवटी उत्तर आफ्रिकेत आठ डिव्हिजन अमेरिकन शस्त्रांनी सज्ज झाल्या, पाच पायदळाच्या आणि तीन चिलखती. इथून पुढचा फोटो वेगळा दिसू लागतो.

अमेरिकेने आपल्या नव्या गारांड रायफली मुख्यतः स्वतःच्या सैनिकांसाठी ठेवल्या. फ्रेंचांच्या वाट्याला बहुतांशी पहिल्या महायुद्धातली साठवलेली एम १९१७ आली, आणि काही ठिकाणी स्प्रिंगफील्ड १९०३. म्हणून इटलीतल्या उत्तर आफ्रिकी तिरायराच्या हातात सर्वांत जास्त शोधायची ती एम १९१७. तिच्या खुणा पाठ करून ठेवा. बोल्टचा दांडा कुत्र्याच्या मागच्या पायासारखा मोडलेला. मागच्या नेमाला दोन्ही बाजूंनी उभे कान. टोकाच्या माशीलाही दोन पंख. एक सावधगिरी: हिचीच मूळ ब्रिटिश बहीण, पी १४, बाहेरून जवळपास तशीच दिसते, पण काडतूस वेगळं घेते. म्हणून फोटोवरून काडतुसाचं माप लिहू नका, 'एम १९१७ सारखी रायफल' एवढंच लिहा.

ब्रिटिश ली-एनफिल्ड मराठी घरांना ओळखीची असेल, आपल्या पलटणींकडे तीच होती. चापाच्या पुढे खाली आलेली दहा गोळ्यांची पेटी, आणि जुन्या प्रकारात नळीच्या टोकापर्यंत आलेलं बोथट नाक. आफ्रिकी माणसाच्या हातात ती दिसली तर मुक्त फ्रेंच किंवा ब्रिटिश पायोनिअर असा विचार करा.

सर्वांत जास्त घोळ हलक्या मशीनगनमध्ये होतो. ब्रिटिश ब्रेन आणि फ्रेंच २४/२९ शातेलरो, दोघींची गोळ्यांची पेटी वरच्या बाजूला खोचलेली असते. ब्रेनची पेटी केळ्यासारखी वाकलेली, शातेलरोची जवळजवळ सरळ. आणि शातेलरोला चाप दोन असतात, पुढचा एकेका गोळीसाठी, मागचा झड लावायला. फोटो नीट स्कॅन केला असेल तर हे दोन चाप दिसतात, आणि ते दिसले की शंका उरत नाही. अमेरिकन शस्त्रं आली तरी शातेलरो गेली नाही. १९४४ च्या इटलीत एकाच तुकडीत अमेरिकन रायफल आणि फ्रेंच मशीनगन शेजारी शेजारी दिसतात. याचा खरा त्रास शिपायाला होता. रायफलची गोळी मशीनगनला चालत नाही, मशीनगनची टॉमी गनला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या अमेरिकन मशीनगनला, चालत नाही, आणि हे सगळं वेगवेगळ्या पेट्यांत खेचराच्या पाठीवरून रात्री डोंगर चढवायचं.

टॉमी गन सगळ्यांकडेच होती. मराठा, अमेरिकन, गुमिए, कुणाच्याही हातात सापडेल, त्यामुळे तिच्यावरून फौज ठरत नाही. तशाच छोट्या ब्रिटिश स्टेन गनची पेटी डावीकडे आडवी बाहेर आलेली असते. फ्रान्समध्ये आफ्रिकी माणसाच्या हातात स्टेन दिसली तर भूमिगत चळवळीचा विचार करा, कारण ब्रिटिश विमानं त्या पॅराशूटने टाकत. गिनीत जन्मलेले आदी बा १९४० मध्ये कैदेतून निसटले, व्होज डोंगरात त्यांनी भूमिगतांची तुकडी उभारली, आणि १८ डिसेंबर १९४३ ला एपिनाल इथे जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. १९४४ च्या जूनमध्ये लियोंच्या छावणीतले पन्नासेक सेनेगाले तिरायर व्हेर्कोरच्या पठारावरच्या भूमिगतांना जाऊन मिळाले होते.

उखळी तोफ दिसली तर फार वेळ घालवू नका. अमेरिकन ६० आणि ८१ मिलिमीटरच्या उखळी मुळात फ्रेंच ब्रांद आराखड्यावरच बेतलेल्या आहेत, फोटोत फरक कळणं कठीण.

अंगावर आणि पायांत

उभ्या पट्ट्यांचा, टोपडं असलेला जाड लोकरी झगा म्हणजे जेल्लाबा. तो असेल तर गुमिए, जवळजवळ निश्चित. पिंढऱ्यांना गुंडाळलेल्या पट्ट्या जुन्या फ्रेंच पद्धतीच्या. नाडीने आवळलेले कॅनव्हासचे लांब पायमोजे अमेरिकन. घोट्यापुरता आखूड कॅनव्हासचा पट्टा ब्रिटिश. खांद्यावर निळ्या चौकटीत लोरेनचा, म्हणजे दोन आडव्या दांड्यांचा, क्रॉस दिसला तर पहिली मुक्त फ्रेंच डिव्हिजन. तीन चंद्रकोरी एकमेकींत गुंतलेल्या असतील तर तिसरी अल्जीरियन.

जागा आणि काळ एकमेकांशी ताडून बघा

आता तुमच्याकडे अंदाज जमले असतील. ते या घटनाक्रमावर ठेवून बघा. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४३, कॉर्सिका: मोरोक्कन. डिसेंबर १९४३ ते जुलै १९४४, इटली: मोरोक्कन, अल्जीरियन, ट्युनिशियन, आणि वसंतापासून मुक्त फ्रेंच डिव्हिजनचे मध्य व पश्चिम आफ्रिकी. १७ जून १९४४, एल्बा बेट: ९ व्या वसाहती डिव्हिजनचे सेनेगाले तिरायर आणि गुमिए. १५ ऑगस्ट १९४४ पासून प्रोव्हान्स, तूलाँ, मार्सेय: सगळेच.

आणि मग एक तारीख, जी प्रत्येक अभ्यासकाने लक्षात ठेवावी. १९४४ च्या शरद ऋतूत फ्रेंच फौजेने काळ्या आफ्रिकी सैनिकांना आघाडीवरून मागे घेतलं आणि त्यांच्या जागी भूमिगत चळवळीतले गोरे तरुण भरले. फ्रेंच लोक याला 'ब्लांशिमां' म्हणतात, म्हणजे पांढरं करणं. थंडीचं कारण पुढे केलं गेलं. फौजेला नवे तरुण सामावून घ्यायचे होते, आणि कपडे-शस्त्रं तेवढीच होती. सुमारे १५,००० माणसं अशी मागे गेली. ज्यांनी तूलाँ जिंकलं त्यांनी आपली बंदूक, हेल्मेट आणि ओव्हरकोट काढून दुसऱ्याच्या हातात दिले. सहावी सेनेगाले रेजिमेंट एका आदेशाने सहावी वसाहती पायदळ रेजिमेंट झाली. म्हणून १९४५ च्या ऱ्हाइन किंवा श्टुटगार्टच्या फोटोखाली 'सेनेगाली' लिहिलेलं असेल तर शंका घ्या. तिथे अल्जीरियन, मोरोक्कन आणि गुमिए मात्र असतील, त्यांना मागे घेतलं नव्हतं. पॅरिसमध्ये शिरलेल्या फ्रेंच जनरल लक्लेर्कच्या डिव्हिजनमधूनही काळ्या सैनिकांना इंग्लंडला जाण्याआधीच वगळलं होतं. ऑगस्ट १९४४ च्या पॅरिसच्या फोटोंत ते का दिसत नाहीत, याचं उत्तर इथे आहे.

मागे पाठवलेल्या माणसांचं पुढे काय झालं, हेही माहीत हवं. डाकारजवळच्या त्यारोय छावणीत १ डिसेंबर १९४४ ला जर्मन कैदेतून सुटून आलेल्या तिरायरांनी थकलेला पगार मागितला. फ्रेंच फौजेने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जुना सरकारी आकडा ३५ मृतांचा आहे, अनेक इतिहासकार तो बराच कमी मानतात.

गुमिएंबद्दल दुसरी बाजू लिहायलाच हवी. रोमच्या दक्षिणेला चोचारिया भागात मे-जून १९४४ मध्ये फ्रेंच कोअरच्या सैनिकांनी, त्यांत अनेक गुमिए होते, गावोगावी स्त्रियांवर बलात्कार केले. तिथल्या घरांत ही आठवण अजून जिवंत आहे. त्या भागातला फोटो प्रसिद्ध करताना केवळ शौर्याची ओळ लिहिणं त्या बायकांवर अन्याय होईल. आणि फोटोतल्या ओळख न पटलेल्या माणसाला गुन्हेगार ठरवणं हा त्याच्यावरचा अन्याय. दोन्ही सांभाळून लिहा.

कुठे शोधायचं

तुमच्या फोटोसारखाच फोटो एखाद्या संग्रहात तारखेसह असू शकतो. अमेरिकन फौजेच्या सिग्नल कोअरचे (संपर्क आणि छायाचित्रण सांभाळणाऱ्या विभागाचे) फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ब्रिटिश फोटो इम्पीरियल वॉर म्युझियमकडे, फ्रेंच फोटो एक्पाड या संस्थेकडे. रेजिमेंट कळली आणि नाव हाताशी असलं तर फ्रेंच संरक्षण मंत्रालयाच्या 'मेम्वार दे झॉम' या संकेतस्थळावर मृतांच्या नोंदी बघता येतात. तिथे शोधताना एकाच नावाची चार-पाच स्पेलिंग करून बघा. फ्रेंच कारकुनांनी कानाला आलं तसं लिहिलेलं आहे.

एक फोटो सोडवून बघू

समजा, ट्रंकेत हा फोटो मिळाला. तीन माणसं, खडकाळ उतार, एक खेचर. पाठीवर पेन्सिलीने फक्त 'इटली'. एकाने डोक्याला फडकं गुंडाळलं आहे, दोघांची हेल्मेटं थाळीसारखी. तिघांच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचे झगे. एका रायफलच्या बोल्टचा दांडा मोडलेला, नेमाला कान. दुसऱ्याच्या मशीनगनची पेटी वर, सरळ, आणि भिंगाखाली दोन चाप.

झगे सांगतात गुमिए. त्या रायफलमुळे आन्फानंतरचा काळ ठरतो. दोन चापांची मशीनगन म्हणजे शातेलरो, म्हणजे फ्रेंच फौज. ब्रिटिश हेल्मेटं बघून कुणी 'ब्रिटिश सैनिक' म्हटलं असतं, तर तो धागा इथे तुटतो. पाठीवरचा शब्द खरा मानला, तर फ्रेंच कोअर इटलीत होती तेवढाच काळ उरतो. इटलीतल्या गाजलेल्या लढाईचं नाव म्हणून 'कासिनो' लिहावंसं वाटेल, लिहू नका, फोटोत कासिनोचा पुरावा नाही.

मऊ पेन्सिलीने, फोटोवर नव्हे तर त्याच्या पाकिटावर, एवढं लिहा: 'मोरोक्कोचे गुमिए, फ्रेंच कोअर. इटली (मूळ नोंद पाठीवर). डिसेंबर १९४३ ते जुलै १९४४. एम १९१७ सारखी रायफल, शातेलरो मशीनगन. डावीकडून पहिला: . दुसरा: . तिसरा: .' नावांच्या जागा रिकाम्या असल्या तरी त्या सोडाच, म्हणजे पुढे कुणाला एखादं नाव सापडलं तर ते लिहायला जागा असेल.